दिगंबर घड्याळजींची किल्ली

शेवटच्या सकाळीही दिगंबर घड्याळजींनी आयुष्यात स्वतः घडवलेल्या एकमेव, साखळीच्या खिशातल्या-घड्याळाला किल्ली दिली. लेकीने हात पुढे केला, तर खेकसले, "वैजे, हात काढ! हे माह्याच बोटानं चालते."

त्याच रात्री ते गेले.

तेरवी झाल्यावर, निदान एकदा ते घड्याळ हातात घ्यावं म्हणून वैजूने ते ठेवलेलं कपाट उघडलं. घड्याळ चालत होतं. एका किल्लीवर ते तीसच तास चालायचं, आणि कपाटाची चावी दोन आठवडे तिच्याच गळ्यात होती.

तिने घड्याळ मुठीत धरलं. भर दुपारी, यवतमाळच्या उन्हात, किल्ली आपोआप फिरू लागली. हळू, बाबा फिरवायचे तशी. तिने दाबून धरली, तर तिची बोटंच फिरू लागली.

"बाबा," ती कशीबशी म्हणाली, "मले तुमचं भेव लागते. लहानपणापासून."