सातवीची गोफण

मुरबाडकडच्या एका शाळेत इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला यायचे होते. त्यांना दाखवायला सातवीच्या पोरांनी सागाचं खोड आणि बैलगाडीचा आस जोडून, किल्ल्यावर धोंडे फेकायची असते तशी भलीमोठी गोफण बनवली. नव्या अवजाराची पूजा तर हवीच. म्हणून टोळीचा म्होरक्या धाऊ याने पहिल्या धोंड्याला शेंदूर फासला, नारळ फोडला आणि दोर सोडला. समोरच्या बांधावर पडायचा धोंडा थेट नदीपलीकडच्या गावात गेला.

कुणाचं टाळकं फुटलं असेल या धास्तीने धाऊची पाचावर धारण बसली. गुरुजी त्याला घेऊन माफी मागायला नदीपार गेले, तर तिथे ढोल वाजत होते, आणि अख्खा गाव धोंड्यापुढे लोटांगण घालत होता.

"गुरुजी, आभाळातून देव उतरला!" पाटील गहिवरून म्हणाले. "पण एकलाच आला. आमच्यात देवीबिगर देऊळ बांधीत नाय. ती कधी यायची?"

गुरुजींनी चपला काढल्या, धोंड्याला हात जोडले आणि हळूच धाऊच्या कानाशी वाकले.



"शेंदूर उरलाय का रे?"