मुका टीव्ही

मानवतच्या आपल्या दुकानात दादाराव चंद्रभान पाटलाचा रंगीत टीव्ही उघडून बसला होता. "मालक, आतल्या समद्या चिपा ह्या दोनच तारांवर बोलत्यात. एका तारेवर ठेका, दुसरीवर निरोप. नंबरानं जिला हाक, तिनंच ओ द्यायची. पण एखादी बिघडून तार धरून बसली, की सगळ्यांचंच बोलणं बंद. ती हुडकतो, उद्या न्या."

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागल्याची बातमी आली, अन् बौद्धवाड्यातल्या लोकांवरचा राग घेऊन जमाव दुकानावर चालून आला. पुढं चंद्रभानच होता. त्यानं आधी स्वतःचा टीव्ही जपून बाहेर ठेवला. मग दोघांनी दादारावाचा उजवा हात टेबलावर धरला, अन् चंद्रभाननं कुऱ्हाडीच्या दांड्यानं बोटं ठेचली. पाठोपाठ दुकान पेटलं.

आठवड्यानं चंद्रभान परभणीच्या दवाखान्यात आला. खाटेपाशी उभा राहून पट्ट्यांतल्या हाताकडं लय वेळ बघत राहिला. दादारावाला वाटलं, माफी मागायला आलाय.


"हात कधी बरा व्हायचा रे?" चंद्रभान म्हणाला. "टीव्ही अजून मुकाच हाय."