सुधारलेलं वाक्य

त्र्याहत्तर सालची गोष्ट. मी तेव्हा आष्ट्याच्या एका हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर होतो. ‘आय लाइक रीडिंग, स्विमिंग अँड टू ईट’ असं कुणी लिहिलं, की माझं टाळकं सरकायचं. दोनदा ‘इंग’ लावलंय ना, मग तिसऱ्यांदाही ‘इंग’च लावा की! वाक्य जसं सुरू झालं तसंच संपलं पाहिजे, हे मी टेबल बडवून सांगायचो.

एका रविवारी मी हौसेनं आंघोळीचा बंब पेटवला आणि त्यात पाणी घालायचंच विसरलो. बंबाच्या सांध्याचा कथलाचा डाग वितळून खाली गळायला लागला, तशी माझी बायको राही धावत आली.

“आवं, तुमी मास्तर हायसा न्हवं? मग येवढंबी कळत न्हाई व्हय रं तुला?”

बंब राहिला बाजूला. मी म्हणालो, “राही, ‘आवं’नं सुरू केलेलं बोलणं ‘रं’वर संपवायचं नसतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच काहीतरी धर.”

तिनं जरा विचार केला. “व्हय, ते बी खरंच,” म्हणाली.

 

“आरं, तू मास्तर हाईस न्हवं? मग येवढंबी कळत न्हाई व्हय रं तुला?”