टवका उडालेलं पिस्तूल

"ताई, कोपर जोरात मार हं. उगाच लाजू नकोस."

"मारीन गं बाई. बरगडी मोडली तर मग माझ्या नावाने खडे फोडू नकोस."

ऑकलंडमधल्या माउंट रॉस्किलच्या घरात बाथरूमचं दार आतून लावून दोघी बहिणी कुजबुजत होत्या. धाकटी अनुराधा, थोरली आशालता. आशालता परवाच पुण्याहून आली होती आणि सारखी जांभया देत होती. बाहेर अनुराधाचा नवरा रवींद्र गाडीची किल्ली वाजवत उभा होता.

"अगं अनू, अकराचा खेळ आहे! चाळीस वर्षांनी लागलाय, सुरुवात चुकवू नका!"

आज अनुराधा-रवींद्रच्या लग्नाचा चाळिसावा वाढदिवस. मुलाने, नीलने, हौसेने अवोन्डेलचा एक हॉल घेतला होता, एका फिल्म क्लबकडून जुना इटालियन गुन्हेगारी सिनेमा मिळवला होता आणि निम्म्या ऑकलंडला आमंत्रण दिलं होतं.

त्या सिनेमाची गोष्ट या घरात सगळ्यांना पाठ. पुण्यातला फिल्म क्लब, पत्र्याच्या खुर्च्या, कागदाच्या पुडीतले शेंगदाणे, मागे प्रोजेक्टरची घरघर. पडद्यावर एक बाई पर्समधून पिस्तूल काढते आणि अंधारात मागच्या रांगेतून एका मुलीचा आवाज येतो, "अगंबाई, हे तर मघाशी इन्स्पेक्टरच्या हातात होतं!" सगळा हॉल हसतो.

"आणि बरोबर होतं हो तिचं!" रवींद्र दर पार्टीत सांगायचा. मूळचा इंजिनियर, त्यामुळे तपशील सुटायचा नाही. "त्या लोकांकडे पैसा कुठला? खरं दिसणारं पिस्तूल एकच, बाकी लाकडाचे रंगवलेले तुकडे. तेच एक सगळ्यांच्या हातात फिरायचं. दस्त्यावर एवढासा टवका उडालेला. आम्ही तिथे मोठे सिनेमातले जाणकार म्हणून बसलेलो, पण दिसला कुणाला? आमच्या हिला! मी तिथेच ठरवलं, लग्न करीन तर हिच्याशी."

अडचण एवढीच होती की तो आवाज अनुराधाचा नव्हताच. बोलली होती आशालता. अनुराधा त्या वेळी खाली वाकून सांडलेले शेंगदाणे गोळा करत होती.

महिन्याभराने रवींद्र रीतसर बघायला आला. पोह्याची बशी हातात घेऊन म्हणाला, "त्या दिवशी तुम्हीच बोललात ना?" आशालताचं लग्न ठरलेलं होतं. अनुराधाला हा मुलगा इतका आवडला होता, की तिने मान डोलावून टाकली. झालं. एका होकारावर संसार उभा राहिला, मुलगा झाला, म्हातारपणी मुलाच्या मागे न्यूझीलंडला येणं झालं. खरं सांगायची वेळ कधी आलीच नाही.

आणि आज रवींद्रने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तो प्रसंग आला की अनू तेच वाक्य म्हणणार. अगदी तेव्हा, त्याच क्षणी. तो क्षण अनुराधाने पाहिलाच नव्हता, म्हणून ताईच्या कोपराची खूण ठरली होती.

"त्याला कळलं तर गं, ताई?"

"कळलं तर काय हाकलून देणार आहे या वयात?"

"हाकलणार नाही. पण ती गोष्ट सांगताना त्याचा चेहरा कसा होतो, बघितलंयस ना? तो चेहरा मला परत दिसायचा नाही."

आशालताने बहिणीचा पदर नीट करून दिला.

हॉलमध्ये नीलने आईबाबांना मधोमध बसवलं. अनुराधाच्या डावीकडे रवींद्र, उजवीकडे आशालता. इरावती, नात, पुढच्या रांगेत. "आजी, डोन्ट फर्गेट युअर लाइन," ती मागे वळून म्हणाली.

दिवे गेले. सिनेमा सुरू झाला आणि तिची पुरती तारांबळ उडाली. जो तो पिस्तूल काढत होता! टोपीवाला काढत होता, हॉटेलवाला काढत होता, एक पाद्रीसुद्धा काढत होता. बायका तीन, तिघींकडे पर्स. टवका कुठला आणि कसला, तिला धूर सोडून काही दिसेना. मेलं ते पिस्तूल! ती श्वास रोखून कोपराची वाट बघत राहिली.

पहिल्या बाईने पर्स उघडली. कोपर नाही. रुमाल निघाला. दुसरीने उघडली. पिस्तूलच निघालं! अनुराधाने तोंड उघडलं, पण कोपर नाही. तिने घाईने तोंड मिटलं. रवींद्र शेजारी ताठ बसून पडद्याकडे बघत होता.

मग जिन्यावर ती तिसरी बाई आली. पर्समध्ये हात घातला. आणि कोपर बसलं, असं सणसणीत, की अनुराधाचं मनगटावरचं घड्याळ खुर्चीवर आपटलं.

"अगंबाई, हे तर मघाशी इन्स्पेक्टरच्या हातात होतं!"

हॉल हसला. टाळ्या पडल्या. नीलने शेजारच्या गोऱ्या पाहुण्यांना भाषांतर करून सांगितलं, तेही हसले. रवींद्रने तिचा हात हातात घेतला. त्याचे डोळे भरून आले होते.

"अगदी तसंच म्हणालीस गं," तो म्हणाला.

सिनेमा संपेपर्यंत त्याने हात सोडला नाही. अनुराधाला पुढचं काहीच दिसलं नाही, ती नुसती सुखाने रडत बसली.

खेळ संपल्यावर रवींद्र गाडी आणायला गेला. बाहेर गार वारा सुटला होता. दोघी बहिणी पायरीवर शाली लपेटून उभ्या राहिल्या.

"ताई, तुझे उपकार कसे फेडू? काय वेळेवर मारलंस कोपर!"

आशालता ओशाळली.

"अनू, रागावू नकोस हं. मेला तो प्रवास... दिवे गेले नि माझा डोळा लागला. टाळ्या झाल्या तेव्हा जाग आली. तू आपली आपण बरोबर बोललीस, मला कौतुकच वाटलं."

अनुराधा कोपर चोळता चोळता थांबली. ती डावं कोपर चोळत होती, रवींद्रच्या बाजूचं.