चित्राला तीट

"काका, हे काय केलंत!" नूतन किंचाळलीच.

नव्या भिंतीवरचं ऊन दाखवायला चित्राच्या मधोमध तिनं कागद कोरा राखला होता. बरोबर तिथंच काळाकुट्ट डाग बसला होता. धनाजीचा अंगठा! स्लॅबच्या प्लेटांना फासायच्या काळ्या ऑईलमध्ये बुडवून आणलेला.

"तीट लावली," धनाजी म्हणाला. "बिल्डिंग अजून अर्धी हाय, अन् तू ती येवढी देखणी काढलीस. दृष्ट लागंल न्हाई तर काय!"

नसरापुरात रस्त्याकडेला धनाजीची तीन मजली इमारत उठत होती. नजर लागू नये म्हणून दुसऱ्या मजल्यावर त्यानं काळं बुजगावणं टांगलं होतं. नूतननं चित्रात सगळं घेतलं. वाळूचे ढीग, बांबूची परांची, लोंबणाऱ्या सळया, सगळं. बुजगावणं तेवढं वगळलं. तिथंच माशी शिंकली. आपली बिल्डिंग कागदावर उघडी पडली म्हणून गडी सकाळपासून धुसफुसत होता.

आता आली का पंचाईत! चित्र संध्याकाळच्या आत पुण्याला स्पर्धेत द्यायचं होतं. आजचा शेवटचा दिवस. उन्हात बसून बसून पोरीची पाठ मोडली होती. जलरंगात चूक झाकता येत नाही, आणि ऑईलचा डाग तर पाण्याला भीकच घालत नाही. नूतनला रडू फुटलं. राग तर असा आला की विचारू नका.

मग तिनं नाक पुसलं. धनाजीकडं जरा जास्तच वेळ बघितलं.

"काका, बुजगावणंच पाहिजे ना? मग असे समोर उभे रहा. कागदावर सावली धरा. अजिबात हलू नका."

धनाजी बिचारा उभा राहिला. नूतननं ब्लेडच्या टोकानं डाग खरवडून दोन डोळे काढले. एक मिचमिचा, एक वटारलेला. डोळ्यांखाली वर वळलेल्या मिशा. पुढं आलेले दात. लालभडक जीभ.

धनाजी वाकून बघतो तर काय, एकदम खूश! "हां! आता कसं बेस झालं! असलं थोबाड बघून कुणाची नजर ठरंल व्हय?"

तेवढ्यात त्याची बायको सगुणाबाई चहा घेऊन आली. तिनं चित्र बघितलं. नवऱ्याकडं बघितलं. परत चित्र बघितलं आणि पदराचा बोळा तोंडात कोंबला.

नूतन चित्र पिशवीत सारून एसटीकडं पळायच्या बेतात होती. धनाजीनं तिला अडवलं.

"थांब पोरी, मोबाईलवर फोटू काढू दे. वरचं बुजगावणं उन्हानं पार इटलंय. ह्येच तोंड मोठ्ठ्या फ्लेक्सवर काढून दुसऱ्या मजल्यावर लावतो."

"फ्लेक्स कशाला वो?" सगुणाबाई म्हणाली. "चा पिऊन तुमीच जावा की वर हुबं ऱ्हायला."