बुडायचं नाटक

वॉटर पोलोची फायनल बरोबरीत होती, मिनिटभर उरलं होतं. चेंडू घेऊन निघालेल्या भूपालला सुकुमार आडवा आला आणि एकाएकी हात वर करून बुडायला लागला. भूपालला हसूच आलं. बुडायचं नाटक करून फाऊल मिळवायची ही युक्ती, सुकुमार त्यांच्या क्लबात होता तेव्हा, भूपालनंच त्याला शिकवली होती.

पंचानंही शिट्टी वाजवली नाही. वळसा घालून भूपालनं गोल मारला आणि सामना जिंकला.

पोरांनी प्रशिक्षकाला उचलून पाण्यात टाकलं. त्या गोंधळात भूपालला पलीकडे काठावर घोळका दिसला. सुकुमारला ओढून बाहेर काढलं होतं. पोटरीत गोळा आला होता, नाकातोंडात पाणी गेलं होतं. भूपाल खाली बसून त्याची पोटरी चोळू लागला.

"पंचाचं सोडा, दादा," सुकुमार खोकत म्हणाला. "तुम्हाला तरी कळंल, वाटलं."