पांढरी गोळी

"रात्रीच जास्त दुखतं?" डॉक्टर अरुंधतींनी विचारलं.

दीक्षानं होकारार्थी मान हलवली, पण आधी बापाकडे पाहून. चौदा वर्षांची पोर, आता पाय दुखतो म्हणायलाही घाबरायची.

"आणि दुखण्याच्या गोळीनं थांबतं?"

"एकाच गोळीत," प्रेमानंद म्हणाला. "तेच तं म्हणून राहिलो, मॅडम. एका गोळीत पळते, ते कायचं दुखणं?"

प्रेमानंद कोराडीच्या वीज केंद्रात मुकादम होता. पाठ धरून हलकं काम मागणारे त्यानं कैक पाहिले होते. खोटं दुखणं ओळखण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे, आणि तीच नजर त्यानं घरी आणली होती.

"एकदा परीक्षाच घेतली इची," तो जरा ऐटीतच म्हणाला. "दुखण्याची म्हणून कॅल्शियमची गोळी देली. तशीच पांढरी. वाटलं, नाटक असन तं झोपून जाईन. पण पहाटेपर्यंत रडली. लय जिद्दी हाय!"

डॉक्टरांनी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. नडगीच्या हाडात ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका होता.

"हे तिचं दुखणं. क्वचित कुणाला होतं. कॅन्सर नाही, घाबरू नका. रात्री जीव नकोसा करतं आणि दुखण्याच्या गोळीनंच थांबतं, हीच याची मोठी खूण. सुई घालून तो ठिपका जाळून टाकू." त्यांनी एकदा दीक्षाकडे पाहिलं. "त्या रात्री निदान तुम्हीच केलं होतं, प्रेमानंदजी. फक्त तिच्यावर विश्वास ठेवला नाहीत."

दीक्षा बापाकडे बघत राहिली. ती गोळी खोटी होती, हे तिला आत्ता कळत होतं. प्रेमानंदला भयंकर लाज वाटली. त्याची मान वर होईना.

पुढच्या आठवड्यात सुई झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खाटेजवळ बसून होता.

"रात्री दुखला का वं पाय?"

"नाही. झोपली होती मी."

प्रेमानंदनं डोळे पुसले.

नर्स आली. "सुईची जागा ठणकेल थोडी. ही गोळी द्या तिला, दादा."

त्यानं घाईनं गोळी लेकीच्या तळहातावर ठेवली, पाण्याचा गिलास धरला.

दीक्षानं गोळी उलटसुलट करून पाहिली. मग बापाला नाही, नर्सला विचारलं,

"सिस्टर, ही दुखण्याचीच हाय ना?"